पोटगीचा आकडा ठरेपर्यंत

पहिल्या भेटीत मी वकील मॅडमना एकच प्रश्न विचारला होता. पगाराच्या किती टक्के पोटगी मिळते? माहेरी प्रत्येकाचा आकडा वेगळा होता. काका म्हणायचे निम्मा पगार, शेजारच्या वहिनी म्हणायच्या एक तृतीयांश, आणि मोबाईलवर जिथे बघावं तिथे २५ टक्के. मॅडम म्हणाल्या, "ताई, कायद्यात टक्केवारी कुठेच लिहिलेली नाही." २५ टक्क्यांचं मूळ सर्वोच्च न्यायालयाच्या २०१७ च्या एका निकालात आहे. त्या प्रकरणात नवऱ्याच्या निव्वळ पगाराच्या पाव हिस्सा बायकोला देणं न्यायालयाला रास्त वाटलं होतं. युक्तिवादात त्याचा आधार घेता येतो, पण तेवढे मिळतीलच असं धरून चालता येत नाही.

मग ठरतं कशावर? दोघांचं उत्पन्न, मालमत्ता, शिक्षण, लग्नात राहणीमान कसं होतं, मुलं कोणाकडे आहेत, बायकोने घरासाठी नोकरी सोडली का, नवऱ्यावर आईवडिलांची जबाबदारी आहे का. हे सगळं न्यायाधीश एकत्र बघतात. आणि बघतात ते कागदावर. सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२० मध्ये रजनेश विरुद्ध नेहा या निकालात घालून दिलंय की पोटगीच्या प्रकरणात दोन्ही बाजूंनी उत्पन्न, मालमत्ता, कर्जं आणि खर्च यांचं प्रतिज्ञापत्र द्यायचं. ते भरायला मला तीन आठवडे लागले. माझ्या मते सगळी केस त्या तीन आठवड्यांतच उभी राहिली.

खर्चाचा तक्ता मी मुलीच्या जुन्या वहीत आधी कच्चा केला. घरभाडं, किराणा, वीज, गॅस, शाळेची फी, स्कूल व्हॅन, तिचा चष्मा (दर वर्षी नंबर बदलतो), आईची बीपीची गोळी. दोन पानं भरली. मॅडमनी ती वाचली, परत पहिल्या पानावर गेल्या आणि म्हणाल्या, "यात तुम्ही कुठे आहात?" मी वही ओढून बघितली. माझ्या नावापुढे फक्त मोबाईल रिचार्ज होता. कपडे नाहीत, बसचं भाडं नाही, औषध नाही. त्या पुढे म्हणाल्या, "मघापासून गालावर हात ठेवून बसलाय. दाताचं काय?" दाढ आठ महिने ठणकत होती. रूट कॅनाल आणि वर कॅप एवढा खर्च परवडणार नाही म्हणून मी लवंग धरून दिवस काढत होते. त्यांनी मला डॉक्टरांकडून लेखी अंदाजपत्रक आणायला लावलं आणि तो कागद प्रतिज्ञापत्राला जोडला. नऊ वर्षं घर चालवलेल्या बाईला स्वतःचा खर्च लिहिता येत नाही, हे त्या दिवशी मला फार लागलं.

दुसरी अडचण माझ्या शिकवण्यांची. महिन्याला साधारण साडेपाच हजार मिळत होते. भाऊ म्हणाला, "कशाला सांगतेस? कमी धरतील." मॅडमनी साफ नकार दिला. खोटं प्रतिज्ञापत्र उघडं पडलं तर कारवाई होऊ शकते, आणि पालकांचे पैसे तर थेट माझ्या खात्यात जमा होत होते. आम्ही ते लिहिलं. सोबत २०१४ साली मुलीच्या जन्मानंतर दिलेल्या राजीनाम्याचा ईमेल जोडला. "शिकलेली आहे, कमावू शकते," असं समोरचे वकील म्हणालेच. पण कमावू शकणं आणि प्रत्यक्ष कमावणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हेही सर्वोच्च न्यायालयाने सांगितलेलं आहे. साडेपाच हजारांत दोन माणसांचं भागत नाही, हे वहीतल्या आकड्यांनी दाखवलं.

आता नवऱ्याचा पगार. स्लिपवर एकूण ८४,००० आणि हातात ४३,५००. मला वाटलं संपलं, हातात येतात त्यातलेच मिळणार. मॅडमनी स्लिपवर पेन्सिलने दोन गट केले. आयकर, व्यवसाय कर, सक्तीचा भविष्य निर्वाह निधी मिळून ११,००० एका बाजूला. दुसऱ्या बाजूला स्वेच्छेने वाढवलेला निधी १२,०००, पतसंस्थेच्या कर्जाचा हप्ता १३,५०० आणि विम्याचा हप्ता ४,०००. "पहिला गट वजा होणार. दुसरा त्यांनी स्वतः निवडलेला आहे." कर्ज घेतल्याची तारीख बघितली तर आम्ही वेगळे झाल्यानंतर दोन महिन्यांनी. न्यायाधीशांनी हिशेबासाठी ७३,००० धरले. सासूबाई त्यांच्यावर अवलंबून आहेत हेही विचारात घेतलं, आणि ते मला योग्यच वाटलं.

तारखांबद्दल फार लिहीत नाही. हिंदू विवाह कायद्याच्या कलम २४ मध्ये अंतरिम पोटगीचा, म्हणजे केस चालू असेपर्यंतच्या पोटगीचा, अर्ज शक्यतो ६० दिवसांत निकाली काढावा असं आहे. आम्हाला ११ महिने लागले. चार तारखा निव्वळ त्यांचं प्रतिज्ञापत्र आलं नाही म्हणून गेल्या. या काळात मुलीची फी भावाने भरली.

आदेश आला तो असा: मला १३,००० आणि मुलीला ७,०००, दरमहा, अर्ज दाखल केल्याच्या तारखेपासून. हे शेवटचे शब्द नीट वाचा. पोटगी आदेशाच्या नव्हे, अर्जाच्या तारखेपासून द्यायची, हेही २०२० च्या त्याच निकालात आहे. मला घरगुती हिंसाचार कायद्याखाली आधीच ६,००० चालू होते. ते आम्ही अर्जात लपवले नव्हते, म्हणून वजावट सरळ झाली. ११ महिन्यांचे २,२०,०००, त्यातून आठ महिने मिळालेले ४८,००० वजा, थकबाकी १,७२,०००. चार हप्त्यांत द्यायची. पुढे दरमहा आधीचे ६,००० आणि वरचे १४,०००.

हे अंतरिम आहे. घटस्फोटाच्या वेळी कलम २५ खाली कायमची पोटगी ठरेल, एकरकमी की दरमहा हे तेव्हा बघायचं. परिस्थिती बदलली तर रक्कम वाढवून किंवा कमी करून मागता येते, म्हणून वही मी बंद केलेली नाही. आता त्यात माझंही एक पान आहे.

४३,००० चा पहिला हप्ता जमा झाल्याचा मेसेज दुपारी आला, मी शिकवणी घेत होते. मुलांना पाढे लिहायला दिले, बाहेर गॅलरीत आले आणि दाताच्या डॉक्टरांना फोन लावला.