एका लेनमध्ये सहा जण

आज आमच्या पोहण्याच्या टीममध्ये नवी मंडळी आली. पोहायला सगळ्यांनाच येतं, अवघड जातं ते लेनमध्ये, म्हणजे तलावातल्या एका पट्ट्यात, सामावणं. जाताना-येताना उजवी बाजू धरायची, पुढच्यामागे पाच सेकंद सोडून निघायचं. घाई केली की हात त्याच्या टाचेला लागतो, दोघांचीही लय तुटते. पुढे जायचंय? पुढच्याच्या पायाच्या तळव्याला एकदाच हलकं बोट लावा. तो भिंतीशी कोपऱ्यात थांबून वाट देतो. आणि भिंतीच्या मधोमध दम घेत उभं राहू नका हो, मागच्याला वळता येत नाही!

खऱ्या ओळखी होतात त्या दोन फेऱ्यांमधल्या वीस सेकंदांत, आणि नंतर सोलापुरी टॉवेल खांद्यावर टाकून घेतलेल्या चहावर. त्यासाठी अर्धा तास राखून ठेवाच. डब्यात कडक भाकरी, शेंगा चटणी जरा जास्तच आणा.