धोत्र्याचा पंचनामा

पळस बघायचा म्हणून आज सकाळी बालाघाटच्या डोंगराकडे गाडी काढली. पळस जोरात फुललाय, पण 60-70 फोटोंत एकही धड नाही. फांद्या उंच, मोबाईलचा झूम मारला की नुसता केशरी चिखल. खाली पडलेलं एक फूल तेवढं तळहातावर घेऊन काढलं. देठाशी काळपट मखमली वाटी, वर पोपटाच्या चोचीसारखी वळलेली पाकळी.

मग बांधावर पिवळा धोत्रा दिसला. मूळचा मेक्सिकोचा, पण आता आपल्या पडीक रानाचा मालकच झालाय. पाकळ्या पतंगाच्या कागदासारख्या, वाऱ्यानं एक क्षण स्थिर नाहीत. दहा वाजता ऊन असं की फोटोत पिवळा रंग पांढरा पडायला लागला. एक्स्पोजर कमी केलं, टोपीची सावली धरली, पोटावर झोपलो. कोपराला काटे. मोडलेल्या देठाचा पिवळा चीक शर्टाला. (घरी अजून दाखवलेला नाही.)

तेवढ्यात मागून आवाज, "काय साहेब, गारपिटीच्या पंचनाम्याला आलाव का?"

"नाही काका, फुलाचा फोटो काढतोय."

काकांनी माझ्याकडं बघितलं, मग धोत्र्याकडं. "ह्याचा? मंग सगळंच उपटून न्या की!"

चौथा फोटो मोठा करून बघा, आत मुंगी आहे.