६२२० कुठून आला?

प्रबंधातलं पद्धतींचं प्रकरण सरांकडून तपासून परत आलं, तेव्हा त्यात दुरुस्त्या फारशा नव्हत्या. एका आकड्याभोवती मात्र पेन्सिलीनं गोल केला होता आणि शेजारी एकच शब्द होता, ‘संदर्भ?’ तो आकडा होता ६२२०.

जीवरसायनाच्या प्रयोगशाळेत थोडे दिवस काढलेल्या कुणालाही हा आकडा पाठ असतो. एनएडी हा पेशीतल्या अनेक एन्झाइमांना मदत करणारा छोटा रेणू, आणि एनएडीएच हे त्याचं हायड्रोजन जोडलेलं रूप. एनएडीएच ३४० नॅनोमीटरचा प्रकाश शोषतो, एनएडी शोषत नाही. माझं एन्झाइम मॅलेट डीहायड्रोजिनेज. ऑक्झॅलोअॅसिटेट आणि एनएडीएच यांच्या मिश्रणात ते टाकलं की एनएडीएच संपत जातो आणि प्रकाशाचं शोषण मोजणाऱ्या स्पेक्ट्रोफोटोमीटरवरचं वाचन उतरत जातं. ते जेवढं उतरलं त्याला ६२२० नं भागलं की दर लिटरमागे किती मोल एनएडीएच खर्ची पडला ते कळतं. म्हणजे माझा प्रत्येक वेग, प्रत्येक आलेख या एका आकड्यावर उभा होता. चार वर्षं मी त्यानं भागाकार करत आले, पण तो कुणी आणि कधी मोजला हे मला ठाऊक नव्हतं. याचं मला खरंच वाईट वाटलं.

पबमेडवर, म्हणजे वैद्यक आणि जीवशास्त्राच्या पेपरांच्या ऑनलाइन सूचीवर, एनएडीएच आणि एक्स्टिंक्शन कोएफिशंट (६२२० सारख्या शोषणाच्या गुणांकाचं इंग्रजी नाव) असे शब्द टाकले. पेपर आले, पण सगळे अलीकडचे. एकानं दुसऱ्याचा हवाला दिला होता, दुसऱ्यानं एका किटच्या माहितीपत्रकाचा. दोन दिवस असेच गेले. मग मी लायब्ररीत गेले, विज्ञान विभागाच्या ग्रंथपाल मॅडमकडे.

त्यांनी संगणकाला हातही लावला नाही. आधी विचारलं, “हे मोजमाप साधारण कोणत्या काळातलं असेल?”

“१९४० ते ५०च्या आसपासचं असावं.”

“मग तेव्हा या रेणूला काय म्हणत होते?”

मला सांगता येईना. माझ्या पिढीसाठी तो पहिल्या दिवसापासून एनएडीच आहे. पण या रेणूनं कितीतरी नावं पालटली आहेत. कोझायमेज, को-एन्झाइम एक, मग डायफॉस्फोपिरिडीन न्यूक्लिओटाइड, म्हणजे डीपीएन. एन्झाइम कमिशनच्या १९६१च्या अहवालानं एनएडी हे नाव सुचवलं आणि हळूहळू तेच रूढ झालं. त्याआधीच्या पेपरात मला हवी असलेली गोष्ट डीपीएनएच म्हणून लिहिलेली असणार. माझ्या एन्झाइमचंही तेच. आजचं मॅलेट डीहायड्रोजिनेज तेव्हा मॅलिक डीहायड्रोजिनेज होतं. जुन्या छापील सूच्यांमध्ये त्या काळचीच नावं असतात. आजचं नाव घेऊन त्यांच्यात शिरलं तर हाती काही लागत नाही.

मी लगेच डीपीएन टाकून पाहिलं, तर मधुमेहामुळे होणाऱ्या मज्जातंतूंच्या विकारावरचे पेपर रांगेनं पुढे आले. त्या विकाराचंही इंग्रजी लघुरूप डीपीएनच. तेव्हा मॅडमनी मला मेश ही शब्दसूची नीट दाखवली. पबमेडच्या बहुतेक नोंदींना त्या सूचीतले ठरावीक विषयशब्द जोडलेले असतात, आणि एनएडी या शब्दाखाली त्याची जुनी नावं पर्यायी म्हणून नोंदवलेली आहेत. पाच वर्षं मी पबमेड वापरत होते, पण ही सूची कधी उघडली नव्हती. एन्झाइमसाठी त्याहून पक्की खूण म्हणजे ईसी क्रमांक, एन्झाइम कमिशनच्या वर्गीकरणातला. मॅलेट डीहायड्रोजिनेजचा १.१.१.३७. नाव कसंही लिहिलेलं असो, क्रमांकानं शोधलं की चुकामूक टळते.

तरीही १९४०च्या दशकात पोचायला एवढं पुरत नाही. १९७५च्या आधीच्या नोंदींत सहसा सारांश नसतो, म्हणजे शोध चालतो तो शीर्षक आणि विषयशब्दांवरच. मॅडम म्हणाल्या, “आता शब्द सोड. १९६०च्या आसपासचा असा एखादा पेपर घे, ज्यात हेच मोजमाप वापरलंय, आणि त्याच्या संदर्भांतून मागे जा.” तसा एक मिळाला. त्याच्या शेवटी संदर्भ होता: होरेकर आणि कॉर्नबर्ग, जर्नल ऑफ बायोलॉजिकल केमिस्ट्री, १७५, ३८५, १९४८. एवढंच. त्या काळात या जर्नलच्या संदर्भांत पेपरचं शीर्षक छापतच नसत. पबमेडमध्ये जर्नल, खंड आणि पान भरून नेमका पेपर काढायची वेगळी सोय आहे, तिथे हे तीन तुकडे टाकले आणि नोंद समोर आली. शीर्षकात एनएडीएच नव्हतंच, डीपीएनही नव्हतं. होतं ते ‘पिरिडीन न्यूक्लिओटाइड्स’. ज्या नावांनी मी हा रेणू शोधत होते त्यातलं एकही त्या शीर्षकात नव्हतं.

हे जर्नल १९०५ पासूनचं सगळं आज जालावर मोफत वाचता येतं. पण खालच्या मजल्यावर बांधीव खंड होते म्हणून मी १७५वा खंड काढून तिथेच वाचायला बसले. सहा पानांचा पेपर. त्यातला आकडा ६२२० नव्हता, ६.२२ गुणिले दहाचा सहावा घात असा होता. क्षणभर पोटात गोळा आला. मग एकक पाहिलं. त्यांनी एका मोलमागे चौरस सेंटिमीटर असं एकक धरलं होतं, म्हणजे घनफळ घन सेंटिमीटरमध्ये. आपण लिटर धरतो, आणि एका लिटरात हजार घन सेंटिमीटर. हजारानं भागलं की तोच ६२२०. एकक न बघता आकडा उचलला असता तर हजारपटीची चूक झाली असती. म्हणूनच मूळ पान स्वतः उघडून बघायचं, असं मला आता ठामपणे वाटतं. यातल्या आर्थर कॉर्नबर्गना पुढे १९५९ साली डीएनएच्या संश्लेषणावरच्या कामासाठी नोबेल मिळालं, सेवेरो ओचोआंबरोबर. त्यांच्या हातचा हा साधा, मोजमापाचा पेपर मला मात्र फार जवळचा झाला आहे.

त्यानंतर मला चटकच लागली. एन्झाइमांच्या वेगाचं समीकरण ज्यांच्या नावानं ओळखलं जातं त्या मिखाएलिस आणि मेंटेन यांचा १९१३चा पेपर मागायचा ठरवला. तो आहे बायोकेमिशे त्साइटश्रिफ्टमध्ये, जर्मन भाषेत. लायब्ररीच्या ऑनलाइन तालिकेत या जर्नलची नोंद १९६७ला थांबते, म्हणून ते बंद पडलं असं मी समजले होते. ते बंद पडलेलं नाही. त्या वर्षी त्याचं युरोपियन जर्नल ऑफ बायोकेमिस्ट्री झालं आणि २००५ पासून ते फेब्स जर्नल आहे. तालिकेत पुढच्या नावाची ओळ बारीक अक्षरात असते, ती मी कधी वाचलीच नव्हती. जुना खंड आमच्याकडे नव्हता, आंतरग्रंथालयीन देवघेवीतून त्या पानांच्या प्रती आल्या. जर्मन येत नसेल तर त्याचं संपूर्ण इंग्रजी भाषांतर २०११ साली बायोकेमिस्ट्री या जर्नलमध्ये आलं आहे, ते जरूर वाचा.

पुस्तकांच्या कपाटांचीही अशीच गंमत. लायब्ररीत पुस्तकं विषयवार क्रमांकांनी लावायच्या ड्यूई वर्गीकरणात जीवरसायनाचा क्रमांक ५७२, पण तो १९९६च्या एकविसाव्या आवृत्तीपासून. त्याआधी आमचा विषय ५७४.१९२ मध्ये होता. लायब्ररीनं जुन्या पुस्तकांचे वर्गांक बदलले नसतील तर अर्धी पुस्तकं अजून तिथेच असतात. मानवी शरीराशी जोडलेली ६१२.०१५ ला, जैवतंत्रज्ञानाची ६६०.६ ला. एका कपाटापुढे उभं राहून ‘इथे काही नाही’ म्हणू नका.

ब्रेंडा या एन्झाइमांच्या डेटाबेसबद्दल थोडं. केएमची, म्हणजे ज्या संहतीला एन्झाइमचा वेग कमाल वेगाच्या निम्मा होतो तिची, मूल्यं तिथे एका जागी मिळतात आणि प्रत्येकाला मूळ पेपरचा दुवा असतो. एकाच एन्झाइमची मूल्यं एकमेकांपासून बरीच लांब दिसतात, कारण जीव वेगळा, पीएच वेगळा, तापमान वेगळं. यातलं सोयीचं मूल्य उचलणं मला पटत नाही. दुवा उघडा आणि पद्धतीचा परिच्छेद वाचा.

प्रबंधात त्या ६२२० पुढे आता १९४८चा संदर्भ आहे. प्रयोगवहीच्या शेवटच्या पानावर मी दोन रकाने आखलेत, डावीकडे आजचं नाव, उजवीकडे जुनं. एनएडीपीपुढे टीपीएन. लॅक्टेट डीहायड्रोजिनेजपुढे लॅक्टिक डीहायड्रोजिनेज. कालच आमच्या लॅबमधल्या नव्या मुलीनं ते पान मागून घेतलं आणि फ्युमरेट हायड्राटेजपुढे स्वतःच्या अक्षरात फ्युमरेज लिहून वही परत दिली.