सिक्स-जी चाचणी आणि पाइपच्या आतला आर्गॉन

भोसरीत आठ वर्षे मी सीओटू (कार्बन डायऑक्साइड गॅसच्या आवरणातले) वेल्डिंगच केले होते, त्यामुळे डेअरीच्या पाइपलाइनचे काम करणाऱ्या एका कारखान्यात टिग वेल्डर (टंगस्टनच्या टोकाने, आर्गॉन या निष्क्रिय गॅसच्या आवरणात जोडणारा) म्हणून लागण्यासाठी ६जी चाचणी द्यावी लागली, तेव्हा हात बसलेला आहे एवढ्यावर निभावेल, असा माझा समज होता. जॉब होता दोन इंची, शेड्यूल ४०चा, म्हणजे ३.९१ मिमी जाडीचा, ३०४एल स्टेनलेस स्टीलचा पाइप. ६जीमध्ये तो ४५ अंशांत पक्का बांधलेला असतो. तो फिरवायचा नाही, आपणच त्याच्याभोवती फिरायचे.

पहिल्या सरावात बाहेरची बीड (वेल्डची रेघ) देखणी आली, पण जॉब कापल्यावर आतली रूट (जोडाचा सर्वांत आतला थर) करपलेल्या साखरेसारखी काळी आणि खडबडीत निघाली. वेल्डिंगच्या टॉर्चमधला आर्गॉन बाहेरची बाजूच झाकतो; आत नुसती हवा होती आणि तिच्यातल्या ऑक्सिजनने तापलेल्या धातूतले क्रोमियम खाल्ले होते. दुधाच्या लाइनीत असा खडबडीतपणा चालत नाही, तिथे दूध अडकून जंतू वाढतात.

मग तिथल्या जुन्या वेल्डरकाकांनी पर्जिंग, म्हणजे पाइपच्या आतली हवा आर्गॉनने हटवणे, शिकवले. पाइपची दोन्ही तोंडे बंद करून गॅसची नळी खालच्या तोंडातून घ्यायची आणि वरच्या झाकणाला बारीक भोक ठेवायचे, कारण आर्गॉन हवेच्या सुमारे १.४ पट जड असल्याने तळापासून साचत हवेला वर ढकलतो. रूट गॅपवरही (जोडायच्या दोन तुकड्यांमधल्या फटीवर) टेप लावायची आणि वेल्डिंग पुढे सरकेल तेवढीच सोलायची.

टॉर्चच्या गॅसचेही मी चुकवत होतो. सीओटूच्या सवयीने फ्लोमीटर मिनिटाला २० लिटरवर ठेवला होता. जास्त गॅस म्हणजे जास्त संरक्षण, असा सरळ हिशेब. प्रत्यक्षात लहान सिरॅमिक कपातून एवढ्या वेगाने निघालेला गॅस घुसळतो आणि बाजूची हवा आत ओढतो. काट्याला १० वर आणले, पाठीमागचा पंखाही बंद केला (मे महिना होता, ते वेगळे सांगायला नको). फिलरचे (जोडात वितळवायच्या सळईचे) तापलेले टोक गॅसच्या आवरणाबाहेर काढायचे नाही आणि आर्क तुटल्यावर गॅस थांबेपर्यंत टॉर्च जागेवरून हलवायची नाही, हे हाताला लागायला मात्र आठवडा गेला.

तिसऱ्या सरावात शेवटचा अर्धा इंच जोडताना वितळलेला थेंब अचानक फुगून माझ्याच दिशेने उसळला. वरच्या भोकावर टेप सरकली होती, त्यामुळे आतला दाब बाहेर पडायला तेवढीच फट उरली होती. तेव्हापासून गॅप मिटत आली की मी आधी भोक तपासतो आणि पर्जिंगचा प्रवाह कमी करतो.

चाचणीच्या दिवशी तपासनिसांनी पाइपच्या तोंडाशी बॅटरी धरली. रूट फिकट सोनेरी होती, फक्त खाली, सहाच्या काट्यापाशी, निळसर छटा होती. त्यांनी तिथे दोनदा उजेड टाकला आणि जॉब रेडिओग्राफीला (किरणांनी आतले दोष पाहण्याच्या तपासणीला) पाठवून दिला. दोन दिवसांनी निकाल आला: पास.