हरिपाठातलं खवलं

नानांच्या हरिपाठात खुणेला मोरपीस नाही, माशाचं खवलं आहे. माझ्या निम्म्या तळहाताएवढं, मधाच्या रंगाचं, कडेला जरा मुडपलेलं. भूकंप झाला त्या सालच्या, म्हणजे 1967 च्या पावसाळ्यात आज्जानं कोयनेत धरलेल्या खडशीचं. मासा केवढा होता यावर घरात एकमत नाही. नाना म्हणतात वासराएवढा. आत्या म्हणते, त्या वेळी नाना स्वतःच वासराएवढे होते.

मी कराडच्या एका कॉलेजात प्राणिशास्त्राच्या प्रयोगशाळेत परिचर आहे. फॉर्मलीनच्या बरण्या भरायच्या, प्रॅक्टिकलच्या आधी काचपट्ट्या पुसायच्या. गेल्या दिवाळीच्या आधी ते खवलं नानांकडून मागून घेतलं. देताना त्यांनी पानाचा नंबर बघून ठेवला. रात्रभर कोमट पाण्यात भिजवलं, दात घासायच्या मऊ ब्रशनं साफ केलं आणि दोन काचपट्ट्यांत धरून सूक्ष्मदर्शकाखाली सरकवलं. झाडाच्या बुंध्यात असतात तशी वलयं. मोकळी मोकळी, मग एकदम दाटी, परत मोकळी. दाटी म्हणजे वाढ खुंटल्याचे महिने. पहिल्यांदा अकरा दाट्या मोजल्या, दुसऱ्यांदा नऊ. सर म्हणाले, थंड देशातल्या माशांइतकी आपल्याकडची वलयं चोख नसतात, नऊ ते अकरा धर. तसं धरलं तरी हा मासा जन्मला तेव्हा कोयना धरणाचं काम नुकतं कुठं लागलं होतं.

आमच्याकडं खडशी, पुस्तकात डेक्कन महसीर, शास्त्रीय नाव टॉर खुद्री. 1839 साली कर्नल साइक्स नावाच्या इंग्रजानं हे नाव छापलं तेव्हा इथल्या बोलीतलंच उचलून लॅटिनात बसवलं. कोळस आणि नुक्ता हे आपले मासेही त्याच्या यादीत असेच आहेत. पुण्याच्या मुळा-मुठेच्या पाण्यातली खडशी बघून त्यानं हे लिहिलं. आज तिथं कुणी खडशी शोधायला जात असेल तर त्याच्या नाकाला माझा नमस्कार.

खडशीला वाहतं पाणी लागतं. पावसाळ्यात पाणी चढायला लागलं की ती वर निघते आणि गोटा-वाळूच्या उथळ जागी अंडी घालते. कटला-रोहूच्या मानानं अंडी कमी. ती तळाला बसतात आणि पिल्लू बाहेर यायला तीन-एक दिवस जातात. तेवढे दिवस पाणी हललंही पाहिजे आणि टिकलंही पाहिजे.

धरणानं नदीचं पंचांगच फिरवलं. जून-जुलैचं पाणी धरण भरायला अडतं. एकशे पाच टीएमसीच्या, म्हणजे एकशे पाच अब्ज घनफुटांच्या या धरणातून वर्षाला 67.5 टीएमसी पाणी वीज करायला बोगद्यानं पोफळीकडं, कोकणात उतरतं. ते परत आमच्याकडं येत नाही. राहिलेलं नदीला येतं ते चैत्र-वैशाखात, सांगलीकडून मागणी आली की. धरणाच्या पायथा वीजगृहाचं एक युनिट चालू म्हणजे 1050 क्युसेक, सेकंदाला तेवढे घनफूट पाणी नदीत, दोन्ही चालू म्हणजे 2100, हे इथं शेंबडं पोरही सांगेल. पूर्वी पाणी नसायचं तेव्हा आता नदी वाहते, आणि वाहायची तेव्हा वरून तोंड बंद. बाजूच्या वांग नदीवर मराठवाडीला आणि मोरणा नदीवर गुरेघरला धरणं झाली, त्यामुळं बाजूनं वर चढायच्या वाटाही आखडल्या.

धरणाला शिव्या द्यायची मात्र मला सोय नाही. बायको कडेगावची. सासऱ्यांच्या रानात टेंभू उपसा योजनेचं पाणी आलं तेव्हा त्यांनी पाइपावर नारळ फोडला होता आणि मी पेढे खाल्ले होते.

तर खडशी परत आणायचं आमच्या मंडळानं चार वर्षांपूर्वी मनावर घेतलं. वर्गणी काढून बीज, म्हणजे माशांची बोटभर पिल्लं मागवली. ऑक्सिजन भरलेल्या पिशव्या आल्या, हार घातले, फोटो झाले. पिशव्या वीस मिनिटं पाण्यावर तरंगत ठेवायच्या, म्हणजे आतल्या-बाहेरच्या पाण्याची ऊब सारखी होते, एवढं मला माहीत होतं. त्या वीस मिनिटांत एक पिशवी नीट बघितली तर डोकी मोठी, तोंडं वर वळलेली, मिशांचा पत्ता नाही. खडशीला मिशांच्या दोन जोड्या असतात. कटल्याची बोटुकली आमच्या गळ्यात मारली होती. तोवर भाषण सुरू झालेलं. मी गप्प बसलो, त्याची लाज अजून वाटते.

दुसऱ्या वर्षी खरं बीज मिळालं. खडशीचं बीज माणसाच्या हातानं तयार करता येतं, हे लोणावळ्यात डॉ. सी. व्ही. कुलकर्णींनी 1970 च्या सुमारास दाखवून दिलं. पुढं तिथंच, वळवणला, टाटांच्या केंद्रात लाखांनी बोटुकली झाली. ओल्या कापसात गुंडाळून अंडी लांब पाठवता येतात, हेही त्यांचंच काम. पण तीच खडशी कावेरीत सोडली आणि तिथल्या मूळच्या कुबडवाल्या महसीरला ती भारी पडली. म्हणून आपल्या नदीचा मासा आपल्याच नदीत, हे मी मंडळात दरवेळी बडबडतो. पोरं कंटाळतात.

खरं बीज सोडलं, आणि पुढच्या जूनमध्ये जे बघितलं त्यानंतर हार आणणं बंद केलं. खाली पाऊस लागला, मागणी संपली, शेतीसाठी सोडायच्या पाण्याचं आवर्तन आटोपलं आणि रात्रीत विसर्ग थांबला. सकाळी नाना हाका मारायला आले. नदी दहा-बारा हात आत सरकलेली. खडकांमधल्या डबऱ्यांत पाणी कोमट झालेलं आणि त्यात बोटभर मासे तोंड वर काढून हापापत होते. खवल्या, मळे, काय काय. खडशीची चार ओळखू आली. नाना घमेल्यानं उचलून धारेत सोडत होते.

"पानी आलं की ह्यो वर येनार. त्येला कोन सांगनार, लेका, आवर्तन संपलं म्हनून?"

विसर्ग एकदम न तोडता दोन-तीन दिवसांत उतरवा, एवढाच अर्ज दिला. पाणी ज्यांच्याकडं आहे ते म्हणाले मासे आमच्याकडं येत नाहीत. मासे ज्यांच्याकडं येतात ते म्हणाले पाणी आमच्या हातात नाही. पोचपावती मात्र दोन्हीकडून मिळाली, शिक्क्यासकट.

तोवर हातात होतं ते केलं. महाडकडं वाळण कोंडीत वरदायिनीचे मासे म्हणून कुणी खडशीला हात लावत नाही. तसा आमच्या देवळाखालचा डोह आषाढापासून दिवाळीपर्यंत राखायचा ठरवला. जिलेटीनचा बार उडवून मासे मारणारे दोघे गावातलेच, एक माझा चुलतभाऊ. भांडण झालं. तो अजून माझ्याशी बोलत नाही, पण डोहाकडंही जात नाही.

काल रात्री साडेआठला ग्रुपवर मेसेज आला, एक युनिट बंद, विसर्ग 1050. नानांना सांगायला गेलो तर हरिपाठ चालला होता. खवलं शेजारी पाटावर काढून ठेवलेलं. त्यांनी बोटानं "जरा थांब" अशी खूण केली, अभंग संपवला, खवलं पानात ठेवलं आणि विचारलं, "दुसरं कवा बंद करत्यात?"

मी म्हटलं, "उद्या असेल."

घमेली दोन होती. मोठं त्यांनी घेतलं.