फोनवर लिहिलेली दुरुस्ती आणि छापून झालेल्या ५०० पत्रिका

आमची कराडात छोटी प्रेस आहे. लग्नपत्रिका, बिलबुकं, हँडबिलं, असली कामं. वडिलांच्या काळात प्रत्येक कामाची चिठ्ठी टेबलाशेजारच्या तारेला टोचलेली असायची, काम झालं की चिठ्ठी काढायची, संपलं. चार वर्षांपूर्वी मी ते सगळं फोनवरच्या कामांच्या यादीच्या ॲपमध्ये आणलं, म्हणजे मी बाहेर गिऱ्हाइकाकडे बसून दुरुस्ती लिहायची आणि इकडे डीटीपी करणाऱ्या ताईंनी ती कॉम्प्युटरवरच्या यादीत बघून करायची. तीन वर्षं बरं चाललं. कधीकधी यादी उशिरा यायची पण आम्ही दोघांनीही ते मनावर घेतलं नाही.

मग गेल्या लग्नसराईत एका घरी प्रूफ घेऊन गेलो. मुलीच्या आजोबांनी चष्मा पुसून अख्खी पत्रिका ओळ न ओळ वाचली आणि मुहूर्तावर बोट ठेवून म्हणाले, हा गुरुजींनी बदलून दिलाय, सकाळी ११.४८ नाही, दुपारी १२.३७. मी त्यांच्यासमोरच टाइप केलं, फोन खिशात टाकला, चहा घेतला आणि तिथून मलकापूरला दुसऱ्या कामाला गेलो. ताईंना सकाळीच सांगून ठेवलेलं की दोनपर्यंत काही दुरुस्ती आली नाही तर छापायला घ्या. साडेतीनला आलो तर ५०० पत्रिका टेबलावर वाळत पडलेल्या, सगळ्यांवर ११.४८. ताई म्हणाल्या, "दादा, मी दोनला पण बघितलं, सव्वादोनला पण बघितलं, यादीत काहीच नव्हतं." आणि खरंच नव्हतं. त्यांची काहीच चूक नाही. कागद आणि शाई आमच्या अंगावर गेली, रात्री परत मशीन लावून सकाळी पत्रिका पोचवल्या, पण आजोबांना तोंड दाखवताना फार वाईट वाटलं.

त्या आठवड्यात मी ठरवलं की हे नक्की कुठं अडतंय ते शोधायचंच. यादी फोनवरून थेट कॉम्प्युटरवर जात नाही, मधे सर्व्हर असतो, म्हणजे यादी साठवून ठेवणारा इंटरनेटवरचा कॉम्प्युटर. फोन सर्व्हरला देतो आणि कॉम्प्युटर सर्व्हरकडून घेतो, म्हणजे दोन टप्पे, आणि दोन्हीकडे उशीर होऊ शकतो. तर मी फोनवर नुसतं "चाचणी ४.१०" असं लिहायचो, म्हणजे लिहिलेली वेळ त्या कामाच्या नावातच आली, मग फोन खिशात, आणि प्रेसमध्ये ब्राउझरमधून सर्व्हरवरचं पान उघडून बघायचं की तिथं कधी उगवतं, आणि मग कॉम्प्युटरवरच्या प्रोग्रॅममध्ये कधी. दोन दिवस हेच केलं. स्क्रीन चालू ठेवली तर काही सेकंदात सर्व्हरवर यायचं. लिहून लगेच फोन खिशात टाकला तर चाळीस-चाळीस मिनिटं पत्ता नाही! आणि तिथून पुढं कॉम्प्युटरला अजून अर्धा तास लागू शकतो, कारण त्याचं रिफ्रेश दर ३० मिनिटांवर होतं.

फोनचं कारण असं की अँड्रॉइडमध्ये २०१५ पासून, म्हणजे ६ व्या व्हर्जनपासून, डोझ नावाची सोय आहे. बॅटरी वाचावी म्हणून स्क्रीन बंद आणि फोन पडून असला की ॲपचं नेट थांबवतात आणि मधूनमधून थोडा वेळ उघडतात. पुढच्या वर्षी ७ व्या व्हर्जनला ते वाढवलं, त्यामुळे फोन खिशात हलत असला, चार्जिंगला नसला, तरी हलकी झोप लागतेच. मी तर सगळा दिवस गाडीवर. त्यावर फोन बनवणाऱ्यांची स्वतःची बॅटरी वाचवायची सेटिंगं वेगळीच, ती ॲपला मागे चालूच देत नाहीत. आणि झोप नसली तरी ठरावीक वेळानं होणारं काम अँड्रॉइड १५ मिनिटांपेक्षा कमी अंतरानं लावू देत नाही, म्हणजे नुसत्या वेळापत्रकावर भरवसा ठेवून भागत नाही.

सेटिंगमध्ये जाऊन त्या ॲपची बॅटरी अनरिस्ट्रिक्टेड केली, ऑटोस्टार्ट चालू केलं, डेटा सेव्हरमधून त्याला वगळलं. कॉम्प्युटरवर ३० चे ५ मिनिटं केले. तेवढ्यानंच निम्म्याहून जास्त त्रास गेला.

उरलेला त्रास जुन्या कामांचा होता. यादीत चार वर्षांची झालेली कामं तशीच पडलेली, कधी काढलीच नाहीत. आमची यादी कॅलडॅव्हवर चालते, म्हणजे याद्या आणि कॅलेंडर सर्व्हरशी जुळवून घ्यायच्या एका ठरलेल्या पद्धतीवर. अशा याद्यांमध्ये सर्व्हर नीट असेल तर "मागच्या वेळेनंतर काय बदललं" एवढंच सांगतो, ती पद्धत २०१२ ला ठरलीय. पण ती सोय नसेल तर प्रत्येक वेळी सगळ्या कामांची खूण मागवून एकेक ताडून बघावं लागतं, आणि आमचं तसंच चाललेलं. झालेली कामं वर्षावर्षाच्या वेगळ्या यादीत हलवली आणि त्या याद्या फोनवर ठेवल्याच नाहीत. आता फोन झरझर सिंक करतो.

अजून एक गोष्ट मला आधी माहीत नव्हती. एक काम म्हणजे सर्व्हरवरची एकच फाइल. मी एका पत्रिकेच्या कामातच खाली नोटमध्ये सगळ्या दुरुस्त्या लिहीत जायचो, ताई तिकडे त्याच नोटमध्ये "झालं" लिहायच्या, आणि दोघांचं एकाच वेळी झालं की कुणाचं ठेवायचं हा प्रश्न यायचा. आता प्रत्येक दुरुस्तीचं वेगळं काम. "मामांचं नाव – सदाशिवराव, सदाशिव नाही" हे एक, "कार्यालयाचा पत्ता" हे दुसरं. ताई फक्त टिक करतात. तेव्हापासून भांडण नाही.

पण माझ्या मते मोठी चूक वेगाची नव्हतीच. स्क्रीनवर "काही दुरुस्ती नाही" आणि "दुरुस्ती अजून पोचली नाही" हे दोन्ही अगदी सारखंच दिसतं, आणि मी ताईंना सांगितलेलं की काही दिसलं नाही तर छापा! तारेला चिठ्ठी नाही म्हणजे खरंच काम नाही असं असायचं, तीच सवय मी इकडे आणली. आता ते उलटं केलंय. प्रत्येक पत्रिकेला "छापायला ओके" असं वेगळं काम मी फोनवरून टाकतो, ते कॉम्प्युटरवर दिसल्याशिवाय प्लेट निघत नाही, मग दोन वाजू दे नाहीतर पाच. ते सगळ्यात शेवटी टाकायचं आणि यादी खाली ओढून फिरणारं चक्र थांबेपर्यंत फोन लॉक करायचा नाही, भले गिऱ्हाईक समोर उभं असू दे. आणि नाव, तारीख, मुहूर्त या तिघांत काही बदललं तर शिवाय फोन करूनही सांगायचं, ताई ते वाचून दाखवतात, मी हो म्हणतो.

फोनला अपडेट आलं की बॅटरीचं सेटिंग कधीकधी परत पहिल्यासारखं होतं, हे दोनदा झालंय. म्हणून दर सोमवारी सकाळी प्रेस उघडायच्या आधी घरूनच एक "चाचणी" टाकतो, फोन खिशात ठेवतो आणि ताई कॉम्प्युटर लावल्यावर किती वाजता दिसली ते सांगतात.