तुम्ही विचारलेत म्हणून: एक देव आणि एक प्याला

दर डिसेंबरच्या अखेरीस मी कचेरीत नाताळच्या फराळाचा डबा घेऊन जातो, करंज्या आणि शंकरपाळे संपतात, आणि मग कोणी ना कोणी तो प्रश्न काढतोच. यंदा तो तुम्ही काढलात. तुमच्या स्वरात खवचटपणा नव्हता, म्हणूनच तो मनातून गेला नाही. तुम्ही म्हणालात, "तुम्ही मंडळी एकच देव मानता, प्रीती आणि क्षमा यांविषयी बोलता, मग तुमच्यातही जातपात, हेवेदावे आणि दिखावा आमच्याइतकाच कसा? आणि कितीही पाप केले तरी रविवारी क्षमा मागितली की पाटी कोरी होत असेल, तर ते ढोंगाला आवतणच नाही का?" चहा निवायच्या आत याचे उत्तर देणे मला जमले नाही, म्हणून हे लिहीत आहे.

आमच्याकडे या प्रश्नाचे एक ठरलेले उत्तर आहे आणि मीही ते वीसेक वर्षे देत आलो: "माणसांकडे पाहू नका, ख्रिस्ताकडे पाहा." ऐकायला ते नम्र वाटते, पण ती पळवाट आहे. ज्याने शुभवर्तमान कधी उघडलेले नाही त्याने ख्रिस्ताकडे पाहायचे तरी कोठे? त्याला शेजारचा ख्रिस्ती माणूसच दिसणार, आणि तो कसा वागतो त्यावरूनच तो काय ते ठरवणार. तेव्हा माणसांकडेच पाहू, आणि सुरुवात माझ्या आजीपासून करू, कारण तिच्याइतकी भाविक बाई मी दुसरी पाहिलेली नाही.

अहमदनगर जिल्ह्यात, ज्याला आता अहिल्यानगर म्हणतात, अमेरिकन मराठी मिशनचे काम १८३१ साली सुरू झाले आणि पुढच्या काही दशकांत गावकुसाबाहेरची पुष्कळ कुटुंबे ख्रिस्ती झाली. आमचे घराणे त्यांतलेच. आमच्या खेड्यातल्या मंडळीत पूर्वाश्रमीच्या महारांची घरे होती तशीच पूर्वाश्रमीच्या मांगांचीही होती. चर्च एक, पाळक एक, दफनभूमीही एक. महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजन, म्हणजे येशूच्या शेवटच्या भोजनाच्या आठवणीचा भाकरी-द्राक्षरसाचा विधी, असे. मोठी माणसे पुढे येऊन जाजमावर ओळीने गुडघे टेकीत, पाळक भाकरीचा तुकडा देत आणि मग चांदीचा मुलामा दिलेला एकच प्याला ओठांहून ओठांकडे जाई. दर माणसागणिक पाळक त्याची कड पांढऱ्या फडक्याने पुसत. आजी उपासनेच्या अर्धा तास आधी जाऊन अगदी पुढे बसे आणि पहिल्याच ओळीत गुडघे टेकी. मला ती भक्ती वाटे.

मी अकरा वर्षांचा असताना एका रविवारी ओढ्याला पाणी आले आणि आम्हाला उशीर झाला. आम्ही पोहोचलो तेव्हा पहिली ओळ दुसऱ्या आळीच्या माणसांनी भरलेली होती. आजी तिसऱ्या ओळीत गेली. प्याला तिच्यापर्यंत आला तेव्हा तिने डोक्यावरचा पदर पुढे ओढला, प्याला कपाळाला टेकवला आणि ओठ न लावता परत दिला. पाळकांनी ते पाहिले आणि काही न बोलता ते पुढच्या माणसाकडे वळले. घरी येताना मी विचारले, तर म्हणाली, "दाढ दुखतीया." पुढच्या महिन्यात ती पाऊण तास आधी जाऊन बसली आणि दाढ दुखायची थांबली.

काही वर्षांनी आरोग्याच्या कारणास्तव तो प्याला कपाटात गेला आणि औषधाच्या मापाएवढ्या इवल्या पेल्यांचा ट्रे आला. आमच्या नात्यातले एक काका त्या दिवशी चर्चच्या पायरीवर उभे राहून "बरे झाले" असे म्हणाले. त्यांना जंतूंची भीती नव्हती, हे ऐकणाऱ्या प्रत्येकाला कळले.

ही एका खेड्यातली आणि एका म्हातारीची गोष्ट म्हणून सोडून देता आली असती तर मला बरे वाटले असते. पण आमचा दुतोंडीपणा याहून मोठा आहे. १९५०च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातींच्या सवलती फक्त हिंदूंपुरत्या ठेवल्या, १९५६ साली त्यांत शीख आले, १९९० साली बौद्ध आले, आणि दलित ख्रिस्ती आजही बाहेर आहेत. त्या सवलती मागण्यासाठी आम्ही सरकारपुढे जातो तेव्हा सांगतो की धर्म बदलला तरी जात सुटत नाही, आमच्या माणसांना आजही तिचे चटके बसतात. ते खरे आहे आणि ती मागणी मला न्याय्य वाटते. मात्र त्याच रविवारी व्यासपीठावरून आम्ही सांगतो की ख्रिस्तात ना यहूदी ना हेल्लेणी (म्हणजे ग्रीक), आमच्यात जात नाही. दोन्ही वाक्ये एकाच तोंडातून येतात आणि मधे साधा ठसकाही लागत नाही. भारतातील कॅथलिक धर्माध्यक्षांनी निदान २०१६ साली चर्चमध्ये जातिभेद असल्याचे लेखी मान्य केले. आम्हा प्रॉटेस्टंटांना अजून "काही ठिकाणी" हे दोन शब्द लावल्याशिवाय ते बोलवत नाही.

आता 'ढोंगी' या शब्दाकडे येतो. तो आमच्यावर बाहेरच्यांनी मारलेला शिक्का नाही. तो येशूच्याच तोंडचा आहे, आणि त्याने तो चोर, जकातदार किंवा वेश्या यांपैकी कोणालाही लावला नाही. मूळ ग्रीक शब्द 'हुपोक्रितेस' म्हणजे नाटकातला नट, मुखवटा लावून बोलणारा. येशूने तो वापरला शास्त्री आणि परूशी यांच्यासाठी, म्हणजे त्या काळच्या सर्वांत काटेकोर, उपासतापास पाळणाऱ्या, एका देवाशिवाय दुसऱ्याचे नावही न घेणाऱ्या माणसांसाठी. पुदिना, शेप आणि जिरे यांचाही दशमांश ते मोजून देत आणि न्याय व दया मात्र सोडून देत, असे त्याने सुनावले. मी चर्चच्या पंचांच्या कमिटीत दोन खेपा काम केले आहे. दानाच्या वहीतल्या आठ आण्यांच्या फरकावरून रात्रीचे अकरा वाजेपर्यंत चाललेली बैठक मी पाहिली आहे, आणि त्याच बैठकीत एका विधवेच्या घराच्या वादाचा विषय "पुढील सभेत घेऊ" या तीन शब्दांत गुंडाळलेलाही. जिऱ्याचा दशमांश वाचताना मला ती बैठक आठवते. (तो ठराव वहीत लिहिणारा चिटणीस मीच होतो.)

एकच देव मानण्याने माणूस सुधारत का नाही, या तुमच्या प्रश्नाला नव्या करारातील याकोबाच्या पत्रात फार रोखठोक उत्तर आहे. देव एकच आहे असे तू मानतोस ना, छान करतोस, भुतेही तसेच मानतात आणि थरथर कापतात, असे तो म्हणतो. हे वाक्य कोठे आले आहे, तेही पाहण्यासारखे आहे. त्याच अध्यायाच्या आरंभी सभेत एक सोन्याची अंगठी घातलेला माणूस येतो, त्याला चांगली जागा मिळते. फाटक्या कपड्यांतला गरीब येतो, त्याला सांगतात की तू तिकडे उभा राहा, नाहीतर माझ्या पायांशी बस. म्हणजे एका देवावरील विश्वासाची परीक्षा याकोबाने बसण्याच्या जागेवर घेतली. आजीने पहिल्या ओळीसाठी केलेली घाई त्याने पाहिली असती, तर दाढेचे कारण त्याला सांगता आले नसते.

देव तीन की एक, हा तुमचा दुसरा आवडता प्रश्न मी आज थोडक्यात आटोपतो. पंडिता रमाबाईंनी १८८३ साली इंग्लंडमध्ये बाप्तिस्मा घेतला आणि त्यानंतर त्रैक्याच्या, म्हणजे पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून एकच देव या, सिद्धान्तावरून आपल्याला दीक्षेकडे नेणाऱ्या इंग्रज बायकांशीच पत्रांतून कडाक्याचा वाद घातला. आम्हा सामान्य माणसांनी त्यांच्यापेक्षा जास्त समजल्याचा आव आणू नये, एवढेच मी म्हणेन.

देव एक आहे हे म्हणायला महाराष्ट्राला मिशनऱ्यांची वाट पाहावी लागली नव्हती, हे तर तुम्हीच मला अनेकदा ऐकवले आहे. पण त्या म्हणण्याची किंमत पाण्यापाशी आणि पानावर मोजली गेली, आणि भल्याभल्यांना ती जड गेली. १८५०च्या सुमारास मुंबईत परमहंस सभा होती. एक ईश्वर मानायचा, जात मानायची नाही, आणि सभासद होताना ख्रिस्ती माणसाच्या भट्टीतल्या पावाचा तुकडा खायचा, असा तिचा शिरस्ता. हे सारे दाराआड चाले. १८६०च्या आसपास सभासदांच्या नावांचे कागद बाहेर गेले, आणि नावे उघड होणार या धास्तीने सभाच मोडली. मी हे कोणाचे उणे काढण्यासाठी सांगत नाही. पाव खाऊन घरी गप्प बसणारे ते तरुण आणि प्याला कपाळाला लावणारी माझी आजी मला एकाच घरातली माणसे वाटतात. त्याउलट जोतीराव फुल्यांनी १८६८ साली आपल्या घरचा हौद अस्पृश्यांसाठी खुला केला, तेव्हा 'निर्मिक' एक आहे म्हणजे काय, हे समजावण्यासाठी व्याख्यानाची गरज उरली नाही.

आणि लक्ष्मीबाई टिळक. नारायण वामन टिळकांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाईंनी तो पाच वर्षांनी घेतला. मधल्या काळात त्या सोवळेओवळे पाळत होत्या, आणि मग देवाने माणसे केली, जाती माणसांनी केल्या, हा विचार त्यांच्या मनात पक्का झाला आणि त्यांनी ते सारे टाकले. बाप्तिस्मा त्यानंतरचा. लक्ष्मीबाईंनी आधी विटाळ सोडला आणि मग त्या ख्रिस्ती झाल्या. माझी आजी जन्माची ख्रिस्ती होती आणि विटाळ तिने मरेपर्यंत सोडला नाही. ज्या विटाळाने तिच्या आजोबांना गावाच्या विहिरीवर चढू दिले नव्हते, तोच तिने एक पायरी खाली उतरवून जपला होता.

मग क्षमेने पाटी कोरी होते त्याचे काय? तुमचा आक्षेप जुना आहे, तो नव्या करारातली पत्रे लिहिणाऱ्या प्रेषित पौलाने स्वतःच लिहून ठेवला आहे: कृपा वाढावी म्हणून आपण पापात राहावे काय? त्याचे उत्तर 'मुळीच नाही' असे आहे, पण ते वाचून कोणी सुधारल्याचे मी पाहिलेले नाही. मला त्यापेक्षा जॉन न्यूटन या माणसाचा उपयोग अधिक होतो. कृपेवरचे त्याचे स्तोत्र जगभर गातात, ते तुम्हीही कोठेतरी ऐकले असेलच. १७४८ साली अटलांटिकच्या वादळात जहाज बुडता बुडता वाचले आणि या खलाशाने देवाचा धावा केला. आमच्या प्रवचनांत गोष्ट येथे संपते. खरी गोष्ट अशी की त्यानंतर तो गुलामांच्या जहाजांचा कप्तान झाला आणि त्याने तीन फेऱ्या केल्या. रविवारी वर खलाशांसाठी तो उपासना चालवी आणि खाली तळघरात माणसे साखळ्यांत पडलेली असत. १७५४ साली त्याने समुद्र सोडला, तोही दुखण्यामुळे, पश्चात्तापामुळे नव्हे. पुढे तो पाद्री झाला, स्तोत्रे लिहू लागला, आणि त्या व्यापाराविरुद्ध जाहीरपणे त्याने लिहिले ते १७८८ साली, म्हणजे चौतीस वर्षांनी. आपली कबुली फार उशिरा येत आहे, हे त्याने त्यातच मान्य केले आहे.

त्या फेऱ्यांमधला न्यूटन ढोंगी होता का? होता, यात मला शंका नाही. आणि वादळात त्याला जे भेटले ते खोटे होते का? तेही मला म्हणवत नाही, कारण त्यानेच त्याला चाळीस वर्षे सोडले नाही आणि म्हातारपणी लाज वाटायला लावली. तुम्ही कृपेला माफीची पावती समजता, आणि तो दोष आमचा, कारण आम्ही ती तशीच वापरतो. मला ती सावकाराच्या तगाद्यासारखी वाटते, फरक एवढाच की येथे कर्ज आधी माफ झालेले असते आणि तगादा नंतर सुरू होतो.

गेल्या वर्षी माझ्या मुलीने पुण्याहून फोन केला आणि सांगितले की तिने मुलगा निवडला आहे; ख्रिस्ती आहे, नोकरी चांगली आहे, चर्चच्या गायनमंडळात गातो. मी इतकी वर्षे दर रविवारी 'विचाराने, शब्दाने व कृतीने' अशी पापकबुली देणारा माणूस. माझ्या तोंडून पहिला प्रश्न निघाला: "आडनाव काय?"

पलीकडे ती थोडा वेळ गप्प राहिली. मग तिने आडनाव सांगितले आणि म्हणाली, "पप्पा, दाढ दुखतेय का तुमची?" आजीची गोष्ट मीच तिला सांगितली होती.

दोन महिन्यांनी आम्ही त्यांच्या घरी गेलो. मुलीने त्या फोनमधले काहीही लपवलेले नव्हते, म्हणजे मी काय विचारले होते ते त्या घरातल्या सर्वांना ठाऊक होते. मुलाच्या आईने मला पहिले पान वाढले, बाजरीची भाकरी आणि शेवग्याच्या शेंगांची आमटी, आणि विषय कोणीही काढला नाही. मी दोनदा भाकरी मागून घेतली.

गेल्या आठवड्यात लग्नपत्रिका छापून आली. मी आधी दोन्ही आडनावे वाचली आणि मग तारीख. लग्न मे महिन्यात आहे. तुमची पत्रिका या कागदांसोबत जोडली आहे.